मुंबईहून चार रात्री की परदेशातून बारा: सोलापूरकरांसाठी क्रूझचा तुलनात्मक आढावा

निवृत्ती, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचा आग्रह, यांपैकी कोणत्याही निमित्ताने क्रूझचा विषय निघाला की सोलापुरातल्या घरांत साधारण दोन प्रकारची माहितीपत्रके येऊन पडतात. एक मुंबईहून निघून गोवा किंवा लक्षद्वीप दाखवून दोन ते पाच रात्रींत परत आणणाऱ्या जहाजाचे, आणि दुसरे बार्सिलोना, रोम, अथेन्स किंवा अलास्का अशी नावे मिरवणारे, दहा ते चौदा रात्रींचे. मग घरातली चर्चा खर्चाच्या आकड्यापाशी येऊन थांबते. खर्च महत्त्वाचा आहेच. परंतु सुमारे दीडशे चौरस फुटांच्या खोलीत, दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे, सलग किती दिवस राहणे आपल्या माणसांना मानवेल, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. जहाजावरच्या किरकोळ अडचणी दोन्हीकडे जवळपास सारख्याच असतात. चार रात्रींत त्या कशाबशा सोसून सुटता येते, बारा रात्रींत मात्र त्यांच्यासकट दिनक्रम बसवावा लागतो.

निघण्यापासूनच फरक सुरू होतो. मुंबईच्या क्रूझसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघावे, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे आणि तिथून टॅक्सीने थोड्याच वेळात बॅलार्ड पिअरचे धक्के गाठावे, इतके ते सोपे आहे. देशांतर्गत फेरीसाठी भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही, आधारसारखे ओळखपत्र पुरते, आणि लक्षद्वीपचा प्रवेश परवाना बहुधा जहाज कंपनीच मिळवून देते. परदेशी क्रूझसाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून विमान, आणि शक्यतो जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच तिथे पोहोचणे, हे गृहीत धरावे. कारण विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. व्हिसाची भानगड वेगळी. भूमध्य समुद्रातली फेरी मध्येच तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसला येत असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि व्हँकुव्हरहून अलास्काला जाणाऱ्याला कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा हवेत. कागदपत्रांत त्रुटी निघाल्यास धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि भरलेले पैसे बहुधा बुडतात.

खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न विजेचा येतो. परदेशी जहाजांवर अमेरिकी आणि युरोपीय पद्धतीची सॉकेट असतात. आपली तीन पिनांची जाड पिन त्यांत बसत नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टर लागतोच. इस्त्री, विजेची किटली आणि पाणी तापवायची कॉइल या वस्तू आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतल्या जातात. हे नियम छोट्या सहलीतही असतात, पण तिथे इस्त्रीवाचून कोणाचे काही अडत नाही. लांबच्या प्रवासात एखाद-दोन संध्याकाळी औपचारिक पोशाखाचा रिवाज असतो आणि तेव्हा बॅगेतून चुरगळून निघालेला झब्बा गरम पाण्याच्या वाफेत टांगून ठेवण्याची वेळ येते.

कपडे धुण्याचा विषय तर फक्त लांबच्या प्रवासातच उद्भवतो. चार रात्रींचे कपडे एका बॅगेत मावतात. बारा रात्रींचे नेले तर बॅग विमानाच्या वजनमर्यादेत बसत नाही. अनेक जहाजांच्या बाथरूममध्ये ओढून काढायची एक बारीक दोरी असते. तिच्यावर वाळत घातलेला सुती सदरा, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही कॉलरपाशी ओलाच लागतो. सोलापूरच्या उन्हात तासाभरात कपडे वाळवण्याची सवय असलेल्या माणसाला हा अनुभव फार चिडवतो. गॅलरीच्या कठड्यावर कपडे टाकायला सक्त मनाई असते, आणि वारा पाहता ती योग्यच आहे. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे न्यावेत, किंवा एक पिशवी भरून कपडे ठरावीक दरात धुऊन देण्याची योजना जहाजावर निघते तिची वाट पाहावी. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक नेल्यास टोप्या, पिशव्या आणि ओळखपत्रे टांगायची छान सोय होते.

पाण्याबाबत मात्र सोलापूरकराला सुखद धक्का बसेल. उजनीच्या पाण्याची पाळी कोणत्या दिवशी येणार हे विचारत जगणाऱ्या आपल्याला, समुद्राचे पाणी गाळून आणि उकळून गोडे करणारे जहाज चोवीस तास नळाला पाणी देते याचे अप्रूप वाटणारच. ते पाणी पिण्यायोग्य असते, बाटल्या विकत घेण्याची गरज नसते. संडास मात्र विमानातल्यासारखे हवेच्या दाबावर ओढून घेणारे असतात. ओले टिश्यू किंवा डायपर त्यांत टाकल्यास एका खोलीचेच नव्हे तर शेजारच्या खोल्यांचेही संडास तुंबतात. परदेशी जहाजांवर जेट स्प्रे सहसा नसतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण घरातल्या ज्येष्ठांसाठी याचा विचार आधीच करून एक छोटा मग बॅगेत टाकावा.

जेवणात छोट्या सहलीची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मागावे लागत नाही, ते असतेच. वरण-भात, पोळी, दही अशा ओळखीच्या गोष्टींवर आजी-आजोबांचे भागते. युरोपीय किंवा अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवणाची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी लागते, आणि रात्रीच्या मुख्य भोजनगृहात मुख्य वाढप्याला आदल्या दिवशी सांगितले तर तो दुसऱ्या रात्री काहीतरी भारतीय करवून देतो. पहिले दोन दिवस त्याचे कौतुक वाटते. पाचव्या-सहाव्या दिवशी तीच पिवळी डाळ आणि तोच पनीर समोर आला की शेंगाची चटणी आठवते. बंद पाकिटातली कोरडी चटणी आणि कडक भाकरी बहुतेक जहाजांवर नेऊ देतात, घरचे डब्यातले जेवण नेऊ देत नाहीत. आणि नेलेले खाणे बंदरावर उतरवण्याबाबत काही देश, विशेषतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड, अत्यंत कडक आहेत, तेव्हा पाकीट केबिनमध्येच ठेवावे. सिंगापूरहून निघणाऱ्या काही फेऱ्यांत शाकाहारी व जैन जेवणाची सोय चांगली असते, म्हणून ज्यांना परदेशही हवा आणि ताटही ओळखीचे हवे, त्यांनी तो मधला पर्याय जरूर तपासावा.

घड्याळाची गंमत छोट्या सहलीत नाही. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, सगळीकडे एकच वेळ. लांबच्या प्रवासात जहाज पूर्व-पश्चिम सरकते तसे घड्याळ तासाने मागे-पुढे करावे लागते, त्याची सूचना आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात असते, आणि खिशातला मोबाइल मात्र किनाऱ्यावरचे नेटवर्क पकडून स्वतःच्या मनाने वेळ बदलतो किंवा बदलत नाही. जहाज जहाजाच्या वेळेने सुटते. म्हणून साधे मनगटी घड्याळ त्या वेळेवर लावून ठेवावे आणि परतण्याची जी वेळ फलकावर लिहिलेली असते तिच्या तासभर आधी धक्क्यावर असावे. यात भर अशी की पत्रकात ‘रोम’ लिहिलेले असते तेव्हा जहाज लागते चिव्हितावेक्कियाला, आणि तिथून रोम सत्तर किलोमीटरहून अधिक दूर आहे. ‘बँकॉक’ म्हणजे बहुधा लेम चाबांग, तेही शहरापासून दीड-दोन तासांवर. कंपनीच्या सहलीने गेल्यास, बस अडकली तरी जहाज वाट पाहते. स्वतःच्या हिमतीने आगगाडीने गेल्यास पैसे वाचतात, पण गाडी चुकली तर पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते. पहिल्याच परदेशी क्रूझवर, भाषेचे अडत असताना, हा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

फोनचा आणखी एक मुद्दा आहे. भर समुद्रात मोबाइल आपोआप जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाहीत. जहाजावर पाऊल ठेवताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा. वाय-फाय विकत मिळते. नातवंडांशी रोज बोलल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांनी त्याचे पैसे आधीच धरावेत.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच असते, आणि या बाबतीत प्रवासाच्या लांबीपेक्षा समुद्र आणि महिना महत्त्वाचे ठरतात. अरबी समुद्र नोव्हेंबर ते मार्च बऱ्यापैकी शांत असतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर जाण्याचा विचारच करू नये. अलास्काचा अंतर्गत जलमार्ग बेटांच्या आडोशाने जात असल्यामुळे, लांबचा असूनही, पोटाला सौम्य जातो. दुसरी बाब जहाजाच्या आकाराची. मुंबईहून २०२१ पासून चालू लागलेले, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुळात १९९० मधले, सुमारे ४८ हजार टनांचे. परदेशातली आजची मोठी जहाजे लाखाच्या पुढे गेलेली आहेत आणि मोठे जहाज सहसा कमी डोलते. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्याआधीच घ्यावी, कारण उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. चार रात्रींपैकी दोन आजारपणात गेल्या तर अर्धी सहल वाया जाते. बारा रात्रींत मात्र बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत सरावते आणि पुढचे दिवस हाती उरतात.

संसर्गाच्या आजारांचा हिशेब याच्या उलट आहे. अनेक दिवस तीच माणसे, तीच हँडरेल, बुफेत तेच डाव. नोरोव्हायरससारखा जुलाब-उलट्यांचा संसर्ग अशा ठिकाणी झपाट्याने पसरतो आणि त्यावर हाताला चोळायच्या सॅनिटायझरपेक्षा साबणाने नीट हात धुणेच अधिक उपयोगी पडते. एखाद्याला लागण झाल्यास त्याला केबिनमध्येच थांबवतात. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. परदेशी जहाजावर त्याचे बिल डॉलरमध्ये खात्यावर चढते, म्हणून लांबच्या प्रवासाला वैद्यकीय विमा अनिवार्यच समजावा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच असाव्यात, कारण चढताना दिलेली मोठी बॅग केबिनच्या दारात यायला कधीकधी रात्र होते.

खर्चाबद्दल थोडक्यात. परदेशी कंपन्या सेवकांची बक्षिसी दर माणशी, दर दिवशी खात्यावर आपोआप लावतात. प्रचलित कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर असते, म्हणजे दोघांचे बारा रात्रींचे ३८४ ते ४८० डॉलर तिकिटाबाहेरच. मुंबईच्या सहलीत अशी चोरवाट लहान असते, पण तिथेही मद्य, शीतपेये आणि काही खास भोजनगृहे वेगळीच धरावी लागतात.

‘आधी मुंबईहून छोटी करून बघू, जमले तर मोठी करू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अर्धाच पटतो. बोट लागते का, एवढे त्यातून कळेल. परंतु शनिवार-रविवारला जोडून आलेल्या त्या फेऱ्यांवर मोठमोठ्या कंपन्यांचे गट, संगीताच्या रात्री, तरुणांचा कल्ला आणि लिफ्टसमोरच्या रांगा असतात. लांबच्या प्रवासातले बंदर नसलेले दिवस, जेव्हा सकाळी डेकवर फिरून, वाचत, झोप काढत, त्याच टेबलावर त्याच वाढप्याच्या हातचा चहा घेत दिवस सरतो, त्यांची कल्पना यातून येत नाही. उलट छोट्या सहलीने वैतागलेला माणूस मोठी क्रूझ कायमची रद्द करतो, असेही मी पाहिले आहे, आणि बऱ्याचदा त्याच्याच स्वभावाला ती जास्त मानवली असती.

शेवटच्या रात्रीचा एक प्रसंग दोन्हीकडे संभवतो. रंगीत चिठ्ठी बांधलेली बॅग रात्री केबिनबाहेर ठेवायची असते, ती सकाळी थेट धक्क्यावर मिळते. आमच्या ओळखीच्या एका काकांनी शिस्तीने सगळे भरले, बॅग बाहेर ठेवली, आणि पहाटे लक्षात आले की पॅन्टही त्यातच गेली. परदेशी बंदरावर पायजम्यात इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या काकांना अधिकाऱ्याने काहीच विचारले नाही, काकू मात्र अजून विचारतात. सकाळचे कपडे, पासपोर्ट आणि औषधे वेगळी काढून मगच बॅगेची चेन लावावी.

तेव्हा, तीन पिढ्या एकत्र निघणार असतील, लहान मूल असेल, किंवा घरातल्या ज्येष्ठांना आपले जेवण सुटत नसेल, तर मुंबईहूनच निघावे. समुद्र ओलांडणाऱ्या लांब फेऱ्यांवर बाळ किमान बारा महिन्यांचे असण्याची अट अनेक कंपन्या घालतात, हेही ध्यानात घ्यावे. ज्या जोडप्याला रोज नवे हॉटेल आणि रोज बॅग भरणे नकोसे झाले आहे, जे एका पुस्तकावर दुपार काढू शकतात आणि ज्यांचे गुडघे अजून जिने चढतात, त्यांनी सरळ बारा रात्रींची घ्यावी. आतली केबिन घेऊन वाचलेले पैसे कंपनीच्या बंदर-सहलींवर खर्च करावेत, असे मी सुचवेन. उजेडाशिवाय ज्यांना गुदमरते त्यांनी मात्र गॅलरीचीच घ्यावी, कारण बारा सकाळी दिवा लावल्याशिवाय दिवस उजाडला की नाही हे न कळणे फार जणांना सोसत नाही.