प्रोपिकोनॅझोल २५ ईसी: गव्हाच्या तांबेऱ्यावर तीन हंगाम वापरून

पहिल्या हंगामात या बुरशीनाशकाला (२५ ईसी म्हणजे २५ टक्के औषध असलेलं, पाण्यात मिसळायचं द्रावण) मी शिव्याच घातल्या होत्या. लेबलप्रमाणे लिटरला १ मिली मोजून घातलं, पाण्यात दुधासारखं छान मिसळलंही. तरी पंधरा दिवसांनी पानावरून बोट फिरवलं, तर तांबेऱ्याची विटेच्या भुकटीसारखी पूड बोटाला!

चूक माझीच होती. शेवटचं पान बाहेर यायच्या आतच फवारून मोकळा झालो होतो. औषध आंतरप्रवाही आहे खरं, पण पानात शिरलं की बुडाकडून शेंड्याकडेच सरकतं, माघारी येत नाही. फवारणीनंतर फुटलेल्या पानाला त्याचा काहीच उपयोग नाही. आणि दाणा भरताना सगळ्यात जास्त राबतं ते हेच शेवटचं पान.

दुसऱ्या वर्षी दम धरला. गहू पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणातच), शेवटचं पान पूर्ण उलगडलेलं आणि खालच्या पानांवर नुकते ठिपके, तेव्हा फवारलं. पीक वाचलं. काही पानं मात्र शेंड्याकडे स्वच्छ आणि बुडाशी तांबेरलेली. नोझल काढून पाहिलं तर भोक झिजून मोठं झालेलं. जाड थेंब वरच्या वरच पडत होते. ते बदलल्यावर ही तक्रार राहिली नाही.

जुने फोड नाहीसे होतील, पिवळं पान हिरवं होईल, ही आशा धरू नका. लागण होऊन दोन-चार दिवसच झाले असतील तर आतली बुरशी रोखली जाते, बस.

तिसऱ्या हंगामात दुसरी फवारणी लागली. ‘औषध बदला’ म्हणून दुकानदाराने टेब्युकोनॅझोल पुढे केलं. नाव वेगळं, पण दोन्ही ट्रायझोलच. बुरशीच्या पेशींच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल अडवणारी. घाव एकाच जागी बसत राहिला तर त्याला दाद न देणारी बुरशीच मागे उरते. म्हणून मी दुसऱ्या जागी घाव घालणारं ॲझॉक्सीस्ट्रोबिन असलेलं जोडऔषध (दोन बुरशीनाशकांचं मिश्रण) घेतलं. तेही रोग पसरायच्या आधी मारलं तरच पैसे वसूल.

टोपीवर मिलीच्या खुणा नाहीत, म्हणून इंजेक्शनची सिरिंज वापरतो. वास उग्र, मास्क हवाच.

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो बाटलीला चिकटवलेल्या त्या घडीच्या कागदासाठी: काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही, हे मला भिंग लावून वाचावं लागलं.