अत्तरदाणी की गुलाबदाणी? गॉथिक परफ्यूमचे नमुने मागवण्याआधी

लग्नाच्या दारात उलट्या हातावर अत्तर लावतात आणि वर गुलाबदाणीही शिंपडतात. तेल आणि फवारा या दोन्ही तऱ्हा आपल्याला नव्या नाहीत. छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे गॉथिक परफ्यूम मागवायला बसलं की तेल की फवारा हाच प्रश्न पुन्हा पुढ्यात येतो. लॉस एंजेलिसची ब्लॅक फिनिक्स अल्केमी लॅब २००२पासून या वाटेवर आहे आणि तिची ओळखच तेलातल्या परफ्यूमची, ५ मिलीच्या तपकिरी बाटलीची. फ्लोरिडाची सॉल्स्टिस सेंट्स एकच सुगंध तेलातही देते आणि अल्कोहोलमधल्या स्प्रेतही. आपल्याकडे लहान प्रमाणावर मिश्रणं करणारे बरेच जण तेलापासून सुरुवात करतात, कारण स्प्रेसाठी लागणारं स्पिरिट आणायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे कागद आडवे येतात.

गॉथिक वास म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरतो. शेवाळलेला दगड, कबरीची ओली माती, विझलेली मेणबत्ती, धूप, चामडं, वाळका गुलाब. पुण्यात बसून, एक-दोन मिलीचे नमुने मागवून यातलं काही आपल्या अंगावर बसतं का, हे पाहायचं असेल तर ते कोणत्या रूपात पाहावं, एवढ्यापुरतं हे लिहिणं आहे. मी दोन्ही वापरतो. कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण स्प्रेची बाजू लंगडी नाही, तेव्हा आधी ती.

अल्कोहोल त्वचेवरून उडताना वरचे हलके वास उचलून हवेत फेकतं. आयव्ही या भिंतीवर चढणाऱ्या वेलीच्या पानांचा हिरवा कडवटपणा, पावसाआधीची हवा, दगडाचा गारवा, हे सगळं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत स्प्रेमध्ये स्वच्छ ऐकू येतं, म्हणजे नाकाला. तेलात तेच वास पांघरूण घेतल्यासारखे येतात. शिवाय हिराबोळ, ऊद, हिरादखण असे डिंक अल्कोहोलमध्ये छान विरघळतात. फ्रॅक्शनेटेड खोबरेल (न गोठणारं) किंवा जोजोबाचं तेल, यांत त्यांचं तितकं जमत नाही. त्यामुळे कागदावर लिहिलेली सगळी पात्रं रंगमंचावर यावीत असं वाटत असेल तर स्प्रे अधिक प्रामाणिक आहे, हे कबूल करायला हवं.

आणखी एक गोष्ट तेलाच्या विरोधात जाते, आणि ती आपल्या नाकामुळे. तेलात तळाचे वास लवकर ताबा घेतात, आणि गॉथिक परफ्यूमचा तळ बहुधा धूप, चंदन, राळ, व्हॅनिला असाच असतो. लंडनच्या माणसाला त्यातून जुनं चर्च दिसत असेल. आपल्याला दिसतं ते संध्याकाळचं देवघर. नुसत्या धुपावर उभा असलेला सुगंध तेलात घेतला तर तासाभरात ‘शुभंकरोति’ म्हणावंसं वाटतं. म्हणून निर्मात्याने दिलेली वासांची यादी वाचताना माती, शेवाळ, राख, चामडं, डांबर यांपैकी निदान दोन गोष्टी आहेत का ते बघावं. यादी वाचतानाच एक गफलत टाळावी: परफ्यूमवाल्यांचा ‘ऊद’ म्हणजे अगर, आणि आपल्या वाण्याकडचा ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा, व्हॅनिलासारखा गोडसर वासाचा डिंक. एकाच नावाच्या दोन वस्तू, आणि वासात जमीन-अस्मानाचा फरक.

शेवाळाचीही अशीच गंमत आहे. परफ्यूममधलं ‘ओकमॉस’ म्हणजे शेवाळ नव्हे. एव्हर्निया प्रुनास्ट्री नावाचं ते दगडफूलच, आणि आपलं मसाल्यातलं दगडफूल त्याच कुळातलं. घरी डब्यात असेल तर एक चिमूट तळहातावर चुरून, दोन थेंब पाणी लावून हुंगा. तो वास एकदा ओळखला की गॉथिक परफ्यूममधलं निम्मं ‘जुनं स्मशान’ कशाने बनतं ते कळतं. मात्र मग कधीकधी त्या स्मशानातून गोड्या मसाल्याच्या आमटीचा वास येऊ लागतो, आणि त्याला इलाज नाही.

आता मला स्प्रेपासून दूर नेणारी गोष्ट. ती वासाशी नाही, कुपीशी संबंधित आहे.

अल्कोहोल असलेला परफ्यूम ज्वलनशील माल धरला जातो. अमेरिकेची टपालसेवा तो परदेशी पाठवू देत नाही, आपलं टपाल खातंही ज्वलनशील द्रव घेत नाही. देशातल्या देशात खासगी कुरियरने येतो तो बहुधा रस्त्याने, ट्रकमधून. एप्रिल-मे महिन्यात हा प्रवास म्हणजे चार-सहा दिवसांची भट्टी. पूर्ण बाटलीचा पंप धातूच्या कड्याने दाबून बसवलेला असतो, तिला फारसं काही होत नाही. नमुन्याची कुपी मात्र १ किंवा २ मिलीची, तिला प्लॅस्टिकचं बूच किंवा आट्यांची झाकणी. त्या फटीतून अल्कोहोल हळूहळू निघून जातं आणि जाताना सगळ्यात हलके वास सोबत नेतं.

ओलावा दिसत नाही, पाकीट भिजत नाही, त्यामुळे गळती झाली असं वाटत नाही. नुसती पातळी खाली गेलेली असते. हिशेब सोपा आहे. २ मिलीच्या कुपीत २० टक्के सुगंधद्रव्य असेल तर ते ०.४ मिली होतं. उडून उडून १ मिली उरलं तर तेवढंच द्रव्य आता अर्ध्या द्रवात आहे, म्हणजे प्रमाण जवळजवळ ४० टक्के. रंग गडद, वास दाट, गोड, जड. तुम्ही म्हणता, वा, काय काळोख आहे! मग ३० मिलीची बाटली मागवता आणि ती पातळ, तीक्ष्ण, भलतीच निघते. निर्मात्याने फसवलेलं नसतं, नमुन्याने फसवलेलं असतं. उलटही होतं: हिरवा, ओला भाग उडून गेल्यामुळे जो सुगंध मुळात छान होता तो राळेचा गोळा वाटून बाद ठरतो.

मी याचं मोजमाप ठेवलेलं नाही. पण पाकीट उघडल्याबरोबर कुपीवर मार्करने पातळीची रेघ ओढायची सवय आहे, आणि स्प्रेच्या कुप्यांत पावसाळा सुरू होईपर्यंत रेघ आणि द्रव यांत बोटभर नाही तरी चांगलं दिसण्याजोगं अंतर पडतं. तेलाच्या कुपीत ते पडत नाही. वाहक तेल, म्हणजे सुगंधद्रव्य ज्यात मिसळतात ते तेल, उडत नाही, त्यामुळे आज आवडलेलं १ मिली सहा महिन्यांनी जवळपास तसंच भेटतं. दहा नमुने मागवून सावकाश, ऋतू बदलत पाहणाऱ्यासाठी माझ्या मते हा फरक वरच्या सगळ्या गुणांवर मात करतो. ज्याला आठवड्याभरात निकाल लावायचा आहे त्याला कदाचित तो जाणवणारही नाही.

स्प्रेचेच नमुने घ्यायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत मागवा. आल्यावर आट्यांवर नळवाले वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, कुपी उभी ठेवा, आणि १५ दिवसांत संपवा. छोट्या स्प्रेच्या तोंडाशी राळ सुकून बसते आणि धुक्याऐवजी सरळ चिळकांडी उडते, तेव्हा ते टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. टाचणी घालू नका, भोक मोठं होतं.

तेलाच्या खोडीही आहेत, आणि त्या माहीत नसल्या तर पहिल्याच दिवशी मन उडतं. पहिली म्हणजे साका. डिंक आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) तळाशी बसतात. कुपी न हलवता वापरली तर पहिले थेंब पुळचट आणि शेवटचे चिकट. जोरात हलवू नये, फेस आणि बुडबुडे होतात. दोन तळहातांत धरून रवी फिरवतो तशी अर्धा मिनिट फिरवावी. दुसरी खोड डागांची: व्हॅनिलिन असलेलं तेल दिवसेंदिवस तपकिरी होतं आणि पांढऱ्या कॉलरवर कायमचं बसतं. तेल त्वचेवरच लावायचं आणि पाच मिनिटांनी कपडा चढवायचा. तिसरी, वाहक तेल कोणतं ते विचारून घ्यावं. साधं खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत सकाळी कुपीत मेणबत्ती. फ्रॅक्शनेटेड खोबरेल फ्रीजमध्येही पातळ राहतं. जोजोबा १० अंशांच्या आसपास गढूळ होतो, पण तो दोष नव्हे, खोलीत आणला की पूर्ववत होतो. साध्या बदामतेलात बनवलेलं मिश्रण वर्षभरात खवट होण्याची शक्यता असते, ते मी टाळतो.

कुपीच्या झाकणाला काडी असेल तर ती त्वचेला लावून तशीच परत आत घालू नये. घामाचा, साबणाचा अंश आत जातो. टूथपिकच्या बोथट टोकाने थेंब उचलावा. १ मिलीत साधारण २५-३० थेंब असतात आणि एका मनगटाला अर्धा पुरतो, त्यामुळे १ मिलीची कुपी दिसते त्याहून बरीच पुरते.

नमुना पाहायची रीत दोन्ही रूपांना एकच. पाकीट आल्या दिवशी निवाडा करू नका, आठवडाभर कपाटात पडू द्या. जलरंगाच्या जाड कागदाच्या १ सेंटिमीटर रुंद, हातभर नाही, वीतभर पट्ट्या कापा आणि पट्टीवर नाव आणि वेळ लिहा. ५ मिनिटं, अर्धा तास, दोन तास आणि सहा तास अशा चार वेळा हुंगा. एका दिवसात तीनच. नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या कोपराचा वास घ्यावा, तो फुकट आहे आणि नाकाच्या ओळखीचा. कागदावर पसंत पडलं तरच त्वचेवर, आणि त्वचेवर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून २४ तास थांबायचं. दालचिनी, लवंग आणि ओकमॉस यांनी काहींना खाज, पुरळ उठतं. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं साधं तेल लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात, तेव्हा दुचाकीवरच्या उघड्या हाताला ते नकोच.

धुराच्या सुगंधांबाबत तेलाकडे झुकण्याचं आणखी एक कारण आहे. बर्च झाडाच्या डांबराचा किंवा चोया लोबानसारख्या जाळून काढलेल्या अर्कांचा स्प्रे बंद केबिनमध्ये उडाला की पहिली वीस मिनिटं लोक भिंतीतल्या वायरी तपासतात. तेलात तोच धूर हातभर अंतरात राहतो. लिफ्ट, मेट्रो, शेअर रिक्षा यांचा विचार केला तर ते शेजाऱ्यांसाठीही बरं.

मातीच्या वासाची चिंता तेल घेणाऱ्याने करू नये. मातीतलं जिओस्मिन आपल्या नाकाला एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असलं तरी कळतं. ते तेलातही दबत नाही. खात्री करायची तर परदेशी नमुना मागवण्याआधी रविवार पेठेत किंवा कॅम्पात एखाद्या अत्तरवाल्याकडे जाऊन कन्नौजचं मिट्टी अत्तर, वाळ्याचं अत्तर आणि शमामा हे मसालेदार अत्तर हुंगून या. मिट्टी अत्तरात भाजलेल्या मातीचे तुकडे डेग नावाच्या भांड्यात पाण्यासह तापवतात आणि वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात. स्वस्त बाटलीत चंदनतेलाऐवजी पॅराफिन आणि बनावट सुगंध असतो, तो मनगटावर तासाभरात सपाट होतो. शमामात मसाल्यांबरोबर दगडफूलही पडतं. हे तीन वास डोक्यात पक्के बसले की ‘कबरीची माती’, ‘ओली मुळं’, ‘मठातलं तळघर’ अशा नावांमागे काय असेल याचा अंदाज नव्वद टक्के वेळा घरबसल्या बांधता येतो, आणि तीन-चार नमुन्यांचे पैसे वाचतात.

स्प्रे मी एकाच कामासाठी ठेवतो, स्कार्फसाठी. तेलाचा तिथे डाग पडतो. आयव्ही, ओली पानं, पावसाची हवा अशा हिरव्या-गार वासाचा स्प्रे रात्री हातभर अंतरावरून दोनदा मारून स्कार्फ दोरीवर टाकला की सकाळपर्यंत अल्कोहोलचा डंख गेलेला असतो. कापड वासाला त्वचेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतं. गाडीवर तोंड बांधून निघालं की म्हात्रे पुलापासून हडपसरपर्यंत धूर बाहेर आणि शेवाळ आत. अशा कामाचा सुगंध सापडलाच तर त्याच्या नमुन्याच्या फंदात न पडता निर्मात्याकडे पक्क्या पंपाची सगळ्यात लहान बाटली मिळते का विचारावं. १० मिलीची बरेच जण ठेवतात.