आधी-नंतरचा फॉर्म की वेटिंग लिस्टवाला गट?

लहान मुलांच्या आईबाबांचा ग्रुप चालवायचा आणि त्याचा उपयोग होतोय का ते बघायचं, तर सोप्पा मार्ग म्हणजे पहिल्या दिवशी फॉर्म, शेवटच्या दिवशी तोच फॉर्म. बरेचजण पॅरेंटिंग स्ट्रेस इंडेक्सचा, म्हणजे आईबाबांवरचा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीचा, शॉर्ट फॉर्म घेतात, 36 प्रश्न, पटकन भरून होतो. खर्च कमी, आणि आकडे जवळजवळ नेहमीच छान येतात, पण माझं दुखणं तिथेच आहे. माणूस ग्रुपला येतो तोच मुळात अगदी टेकीला आल्यावर, मूल रात्रभर झोपत नाही, दिवसभर आदळआपट, अशा वेळी भरलेला स्कोअर पुढे काहीच न करताही थोडा उतरतो, शिवाय मूलही मोठं होतंच की! आणि मधेच यायचं बंद केलेल्यांचा दुसरा फॉर्म भरलाच जात नाही, खरंतर सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असू शकते.

दुसऱ्या, वेटिंग लिस्टवाल्या पद्धतीत चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आत्ता ग्रुप, अर्ध्यांना नंतर, आणि फॉर्म दोघांनाही एकाच वेळी. मग कळतं की बदल ग्रुपमुळे झाला की नुसते दिवस गेल्यामुळे. ताटकळणाऱ्यांना थांबवायला जीवावर येतं हे खरंय, म्हणून ज्याला तातडीची मदत हवी त्याला चिठ्ठीत धरूच नये. पण जागा तशाही कमी असतील तर मी हीच पद्धत घेईन, आणि सोडून गेलेल्यांना फोन करून का सोडलं ते नक्की विचारेन.