भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर माझाच फोटो

पुण्याजवळ फुरसुंगीला आमचं कांदा आणि शेवग्याचा पाला वाळवायचं युनिट आहे. आमचं म्हणजे माझं आणि धाकट्या दिराचं. भाड्याची शेड, चार ट्रे ड्रायर, नऊ बायका कामाला. सव्वासहा लाख रुपये कसे घालवले ते लिहिते आहे, कारण ज्याने ते घेतले तोच माणूस आता दुसऱ्या तालुक्याचं नाव घेऊन पुण्यात फिरतोय असं दोघांकडून कानावर आलंय.

आधी कबूल करते, त्याने सांगितलेली मूळ गोष्ट खरी होती. दहा किलो कांदा वाळवला की जेमतेम किलोभर वाळका कांदा हाती येतो. आमचा बराचसा कांदा येतो सोलापूर भागातून. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं टेम्पोत पाणी भरून पुण्यात आणतोय आणि इथे विजेचं बिल भरून त्याची वाफ करतोय. शेड कांद्याच्या शेताजवळ न्यावी, हे बोलणं आमच्या घरात पाच वर्षं चालू होतं. साहेबाने (सगळे त्याला साहेबच म्हणायचे) ते आमच्या तोंडून काढून घेतलं आणि पुढच्या भेटीत स्वतःची योजना म्हणून आम्हालाच ऐकवलं.

ओळख एका कृषी प्रदर्शनात झाली, डिसेंबर 2024 मध्ये. मग बाणेरचं काचेचं ऑफिस, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. म्हणणं असं, की सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाला पुण्यातले पंधरा प्रक्रिया उद्योग हवे आहेत, ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, जागा 29 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, पहिली दोन वर्षं भाडं माफ. यंत्रं हलवायला 'स्थलांतर अनुदान' आणि वर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून पन्नास टक्के.

ती केंद्राची योजना खरी आहे. पीएमएफएमई म्हणतात, 2020 मध्ये सुरू झाली. पण तिच्यात वैयक्तिक उद्योगाला 35 टक्के मिळतात, तेही जास्तीत जास्त 10 लाख. पैसे आपल्या हातात पडत नाहीत. बँकेने कर्ज दिलं तरच अनुदान, आणि तेही तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरतच नाहीत. अर्जाला फी नाही. कागदपत्रांना मदत करायला कृषी खात्याने 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेल्या असतात, त्यांना मानधन सरकार देतं, आपण नाही. हे सगळं मला कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात वीस मिनिटांत कळलं. जुलैमध्ये. जानेवारीत मी 35 हजार रुपये 'फाइल चार्ज' भरून बसले होते.

जागा बघायला गेलो तेव्हा वेशीवर हलगी वाजत होती. सरपंचांनी मला शाल-नारळ दिला, दिराला फेटा बांधला. पन्नासेक तरुण पोरं उभी होती, सगळी इस्त्रीचे शर्ट घालून. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? पुण्यात शेडमालक मला 'ओ कांदेवाल्या' म्हणून हाक मारतो.

माळावरचा सपाट तुकडा दाखवला. सातबारा दिला, गट 214, खाजगी मालकी, बोजा नाही. मी शहाणपणा करून डिजिटल सातबाराही काढला, 15 रुपये भरून. तोही स्वच्छ निघाला. अगदी निर्धास्त झाले. अनामत म्हणून साडेतीन लाख दिले, मग कंपाउंड आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाट्याचे 2 लाख 40 हजार. करार पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीपुढे. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, हे दिराला माहीत होतं. त्याने विचारलंही. साहेब म्हणाला, "एकदा अनुदान पडू द्या, मग सगळ्या पंधरा जणांचं एकदम नोंदवू, खर्च वाचेल." खर्च वाचेल म्हटलं की आम्ही गप्प बसतो.

फेब्रुवारीत भूमिपूजन झालं. कुदळ माझ्या हातात, शेजारी साहेब. एप्रिलपर्यंत शेड उभी राहणार होती. जूनपर्यंत मुहूर्तच निघत होते.

शेवटी फोड केली ती वायरमनने. कारखान्याच्या थ्री फेज जोडणीची चौकशी करायला मी तिथल्या वीज कार्यालयात गेले होते. त्याने गट नंबर विचारला, मी 214 म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, 214 ओढ्यापलीकडं हाय. तुम्ही सांगताय तो माळ 241. गायरान हाय ते." आणि ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी मी पैसे दिले होते तो शेतीपंपांच्या फीडरवर आधीपासूनच होता, तिथे थ्री फेज पाळीपाळीने येते, आठ तास.

सातबारा खरा होता, जमीनही खरी होती. फक्त दोन्ही एकमेकांचे नव्हते. गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की सरकारच्या भूनकाशा संकेतस्थळावर तो तुकडा दिसतो, शेजारचे गटही दिसतात. ओढा कुठल्या बाजूला आहे एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची जमीन, तिची मालकी सरकारची. सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या निकालानंतर राज्य सरकारनेही त्याच वर्षी शासन निर्णय काढला, खाजगी माणसाला किंवा संस्थेला गायरान द्यायचं नाही म्हणून. ग्रामपंचायतीने कितीही ठराव केले तरी ते ती देऊ शकत नाही.

परत निघताना चौकातला फ्लेक्स दिसला. 'पुण्याच्या सुप्रसिद्ध उद्योजिका' आणि खाली कुदळ घेतलेली मी. त्याच्याही खाली 'नोकरी नोंदणी चालू'.

मला वाटत होतं मी गिऱ्हाईक आहे. मी नमुना होते. त्या पन्नास पोरांकडून नोंदणीचे पाच-पाच हजार गोळा झाले होते, माझा फोटो दाखवून. आणि पुण्यातल्या आम्हा लोकांकडून पैसे काढले होते, त्या पोरांची गर्दी दाखवून. सरपंचांनाही कळायला तेवढाच वेळ लागला.

बाणेरच्या ऑफिसला टाळं होतं. पोलिसांत अर्ज दिला तेव्हा कळलं, गावाकडून आधीच तक्रार गेली आहे आणि तिच्यात माझं नाव आहे. जबाब देताना अधिकाऱ्याने फोटो टेबलावर ठेवून विचारलं, "तुमची फसवणूक झाली म्हणता, मग कुदळ मारताना हसताय कशाला?" बँकेच्या पावत्या होत्या म्हणून निभावलं. फाइल चार्ज रोख दिला होता, त्याची पावती नाही. तपास चालू आहे, पैसे अजून नाहीत.

ऑगस्टमध्ये त्यातली दोन पोरं मोटारसायकलवर फुरसुंगीला आली, मी खरंच आहे का ते बघायला. चहा घेतला नाही. ड्रायर पाहिले, विजेचं बिल मागितलं, भाड्याची पावती मागितली, त्यावरचं नाव दोनदा वाचलं. मी करार, पावत्या, सगळी फाइल पुढे ठेवली. थोरला बराच वेळ पानं उलटत राहिला. मग दुसऱ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे ह्यांचंबी गेलंच की."

मग चहा घेतला.