सदाशिव पेठेतले गटिंगवाले काका, मुलांच्या रॅकेटसाठी इथेच जा

लेक ११ वर्षांची, बॅडमिंटनचं तिसरं वर्ष, अंडर थर्टीन खेळते. ज्यांची मुलं स्पर्धा खेळतात त्यांना वेगळं सांगायला नको, शटल आणि गटिंगमध्येच (रॅकेटला गट, म्हणजे तारा, बसवून घेण्यात) किती पैसे जातात ते. पण मी हा रिव्ह्यू पैशांसाठी लिहीत नाहीये.

झालं असं की जूनमध्ये एका मोठ्या शोरूममधून तिला नवीन रॅकेट घेतली, तिथल्या मुलाने कोण खेळणार हे विचारलंसुद्धा नाही आणि सरळ २६ पाउंड टेन्शनला, म्हणजे तारा तेवढ्या ताणून, गटिंग करून दिलं, त्यात ग्रुपवरच्या एका पालकांनी सांगितलेलं की सिरियसली खेळायचं तर टेन्शन जास्तच पाहिजे, म्हणून मीही काही बोलले नाही. तीन आठवड्यांत कोपर दुखतं म्हणून पोरगी पाण्याचा ग्लास डाव्या हाताने उचलायला लागली. मला वाटलं दमली असेल. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

मग कोणीतरी या काकांचं नाव सांगितलं. इतकुसं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरतं. काकांनी रॅकेट घेतली, गट तळहातावर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ताई, खेळणारं कोण आहे? आणलंय का सोबत?" लेकीला आत बोलावलं, रॅकेट धरायला लावली, बोटं कुठपर्यंत येतात ते बघितलं. म्हणाले, "जी-फोर हँडल आहे, हिच्या हाताला जाड होतंय बाळा, जी-फाइव्ह हवं होतं. आणि हे २६ कोणी सांगितलं?" मग नीट समजावलं, टेन्शन जास्त असलं की कंट्रोल मिळतो पण ताकद आपली लावावी लागते, कमी टेन्शनला गटच शटल लांब फेकतं, आणि घट्ट गटावर शटल जरा कडेला लागलं की झटका हाताला बसतो. मोठ्या खेळाडूंचं मनगट, खांदा तयार असतो, ११ वर्षांच्या मुलीचा कुठून असणार. त्यांनी २० ला केलं, ०.७० मिमीचं जाड गट, म्हणजे लवकर तुटणार नाही. वरची जाड ग्रिप काढून पातळ लावली. मजुरीसकट साडेपाचशे.

आणि रॅकेट देताना स्वतःहून म्हणाले, "गट बदलून कोपर बरं होत नाही हो, आधी फिजिओला दाखवा, तोवर कोर्टवर पाठवू नका." गिऱ्हाईकाला खेळू नका सांगणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला. तीन आठवडे बसवलं तिला, एक स्पर्धा सोडावी लागली, खूप रडली, पण हात बरा झाला.

गेल्या महिन्यात बालेवाडीला मॅच होती, रिपोर्टिंग सकाळी ८ चं आणि कोर्ट मिळालं अडीचला. दुसऱ्या गेमला गट तुटलं. काकांनी शिकवून ठेवलेलं, एक तार तुटली की बाकीच्याही लगेच कापायच्या, मधून सुरुवात करून, नाहीतर ताण एकाच बाजूला राहून फ्रेम वाकते. लेकीने दुसरी रॅकेट उचलली, तीही २० चीच, आणि मी बाकावर बसून कात्रीने तारा कापल्या. तिसऱ्या गेमला २१-१९ ने हरली पण एकदाही कोपराला हात लावला नाही, मला तेवढं पुरे होतं.

आता अडचणी. पार्किंग अजिबात नाही, फोन उचलत नाहीत, नवीन रॅकेटवर डिस्काउंट ऑनलाइनसारखा मिळत नाही. तयार व्हायला दोन दिवस लागतात कारण मशीनवर एकटे काकाच बसतात. रविवारी बंद. शनिवारी मॅच असेल तर बुधवारीच रॅकेट टाका आणि मुलाला सोबत न्या, हात बघितल्याशिवाय ते पाउंड सांगत नाहीत.