‘बोर्ड गेलाय’ म्हणून पैसे घेतले आणि फोन उघडलासुद्धा नव्हता

फोन आपोआप रिस्टार्ट होतोय म्हणून रिपेअरला टाकायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा, मग टाका.

माझा फोन मधेच काळा व्हायचा, लोगो यायचा, परत चालू. कॅमेरा उघडला की, व्हिडिओ कॉल लागला की, मॅप आणि हॉटस्पॉट एकत्र चालू असले की हमखास. नुसतं वाचत बसलं, गाणी ऐकली तर काही नाही, आणि चार्जरला लावलेला असताना तर एकदाही नाही. हे सगळं मी रिपेअरवाल्याला जसंच्या तसं सांगितलं होतं. रोज फोन उघडणाऱ्या माणसाला एवढं ऐकून कळायला पाहिजे की आधी बॅटरी बघायची. त्याने फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, बोर्डाचा (आतल्या मुख्य सर्किटचा) प्रॉब्लेम आहे, पॉवर आयसी (त्यावरची वीज सांभाळणारी चिप) गेलाय, डेटा उडेल, आणि बोर्डाच्या कामाला गॅरंटी नसते.

आता विचार केला की कळतं यातला एकेक शब्द कसा मोजून टाकलेला होता. पॉवर आयसी आपल्याला दिसत नाही, बदलला का नाही ते कळायचा मार्ग नाही. डेटा उडेल म्हणजे नुसतं फॅक्टरी रिसेट मारून दिलं तरी काम केल्यासारखं दिसतं. आणि गॅरंटी नाही म्हणजे विषयच संपला.

फोन परत मिळाला तो शंभर टक्के चार्ज, ब्राइटनेस खाली, बॅटरी सेव्हर चालू. वर सल्ला काय, तर थोडे दिवस सेव्हर काढू नका, नवीन आयसी सेट व्हायला वेळ लागतो! आयसी म्हणजे काय नवीन चप्पल आहे का, पायात बसायला वेळ लागायला? पण फोन खरंच नीट चालत होता हो, हीच तर खरी गंमत आहे.

कारण असं की बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो, मग कॅमेरा, प्रोसेसर, नेटवर्क सगळ्यांनी एकदम करंट मागितला की व्होल्टेज झपकन खाली येतं आणि फोन बंद पडतो, स्क्रीनवर ४० टक्के दिसत असले तरीही. बॅटरी पूर्ण भरलेली असली की व्होल्टेज मुळात वर असतं, त्यामुळे असा झटका ती सहन करते. सेव्हर लावला की प्रोसेसरच हळू चालतो, मग झटकाच छोटा. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी दुखणं झाकलं जातं नेमक्या त्याच करून फोन माझ्या हातात दिला. हे काही गुपित पण नाही, ॲपलने २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ पासून जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम हळू केले होते ते याचसाठी, फोन अचानक बंद पडू नये म्हणून, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल.

सेव्हर काढला, कॅमेरा उघडला, गेला.

दुसऱ्या एका कारागिराकडे गेलो आणि समोर उघडायला लावला. मागचं कव्हर गरम करून सोडवलं तर तो म्हणाला, हा आधी कुणी उघडलेला नाही. कडेने फिरणारी काळी चिकटपट्टी दाखवली, सगळीकडे एकसारख्या रुंदीची, कुठे तुटलेली नाही. एकदा उघडला की ती फाटते आणि मग बहुतेक जण ट्यूबमधला गोंद लावतात, त्याचे ओघळ दिसतात. बोर्डावरच्या स्क्रूवरचं इवलंसं सील पण जागेवर. आणि बॅटरी मधोमध उशीसारखी वर आलेली. बॅटरी बदलली, विषय संपला. पहिल्याकडे जाऊन जुना आयसी मागितला तर म्हणे आम्ही फेकून देतो. बिलावर बघितलं तर नुसतं ‘सर्व्हिस’ लिहिलेलं, आयसीचं नाव पण नाही. पैसे अर्थातच त्याने परत दिले नाहीत.

तर टाकायच्या आधी घरीच बघा. चार्जरला लावून रिस्टार्ट थांबतोय का, थांबत असेल तर पहिला संशय बॅटरीवर. अँड्रॉइड असेल तर सेफ मोडमध्ये चालवा, त्यात आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात, तिथे नीट चालला तर एखादं ॲपच खोडी करतंय. वरून घातलेलं कव्हर काढून बघा, पॉवर बटण दबलेलं राहत असेल तरी फोन सारखा रिस्टार्ट होतो, आणि यात पण लोकांना बोर्ड सांगतात! मेमरी कार्ड काढून, स्टोरेज थोडं रिकामं करून बघा. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. एवढं सगळं करून सेफ मोडमध्येही आणि चार्जरवरही होतच असेल तर मग बोर्ड असूही शकतो, सगळेच खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही.

देताना समोर उघडायला सांगा, काढलेला पार्ट परत मागा, बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. परत घेताना सेव्हर बंद करून, बॅटरी अर्ध्यावर असताना, तिथेच उभं राहून कॅमेऱ्याने व्हिडिओ काढा. शंभर टक्के चार्ज करून देत असेल तर घाई करू नका. पासवर्ड मागितला तर सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे तो लावून द्या, फोटो-मेसेज त्याला दिसत नाहीत. आणि मागचं कव्हर किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर दाबून बसवायला जाऊ नका, चार्जिंगला पण लावू नका, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, तसाच बंद करून न्या.