वाशीतील एका खाजगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाविषयी

जोरदार उलटीनंतर अन्ननलिका फाटणे हा दुर्मिळ आजार हृदयविकारासारखा भासतो आणि निदानाला उशीर झाला तर जिवावर बेततो, म्हणून या विभागाबद्दल सविस्तर लिहीत आहे. माझ्या थोरल्या भावाला उलट्यांनंतर छातीत असह्य कळा येऊ लागल्या, तेव्हा घराजवळच्या दवाखान्यातून पित्ताचे इंजेक्शन देऊन परत पाठवले गेले. वाशीच्या या रुग्णालयात ईसीजी सामान्य आला, तरी ड्यूटीवरील डॉक्टरांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. "आधी उलटी झाली की आधी दुखायला लागलं?" असे विचारून त्यांनी मानेवर बोटे दाबून पाहिली; त्वचेखाली हवा शिरल्यामुळे तिथे बारीक करकर जाणवत होती. पाण्यात विरघळणारे काँट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारे द्रव्य) पाजून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या भागात, डाव्या बाजूला चीर दिसली. आधी उलटी की आधी दुखणे, हा डॉक्टरांचा एक प्रश्नच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

डच वैद्य हर्मन बूरहावे यांनी १७२४ मध्ये या आजाराचे वर्णन केले, पण त्यांचा रुग्ण वाचला नव्हता. आज पहिल्या २४ तासांत उपचार सुरू झाल्यास आशा बरीच वाढते. पाण्याचा घोटही बंद करून, शिरेतून अँटिबायोटिक्स देत सर्जननी त्याच रात्री चीर शिवली, छातीत निचऱ्याची नळी बसवली आणि लहान आतड्यात नळी घालून पोषणाची सोय केली. प्रत्येक टप्पा त्यांनी वहिनींना मराठीत, घाई न करता समजावून सांगितला.

आयसीयूबाहेर नातेवाइकांना बसायला मात्र पुरेशा खुर्च्या नाहीत आणि रात्री बिलिंग काउंटरवर फार खोळंबावे लागते.